नावेवर सायकल, सायकलवर नाव

नदीकाठची वाट कड्यापाशी संपली की सायकलस्वाराला मागे फिरावे लागते. नदीतून खाली जाणाऱ्याची अडचण उलटी असते. प्रवाह त्याला सहज पुढे नेतो, पण निघालेल्या ठिकाणी परत कसे यायचे हे त्याला आधीच ठरवावे लागते आणि शेवटच्या घाटावर गाडी आणून ठेवावी लागते. बाइकराफ्टिंगमध्ये या दोन अडचणी एकमेकींनाच सोडवतात. हवा काढून गुंडाळलेली हलकी नाव सायकलवर बांधून पाणी गाठायचे. तिथे नाव फुगवून सायकल तिच्यावर बांधायची आणि पाण्याने पुढे जायचे. मग पुन्हा नाव सायकलवर. एखादी रात्र नदीकाठी मुक्काम, एक दिवस वल्ह्यांचा, एक दिवस चाकांचा आणि सोबत नदी जाणणारा गाईड, असा हा प्रवास सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसालाही झेपतो.

हे सारे शक्य झाले ते पॅकराफ्टमुळे. कोलाडला कुंडलिका नदीत सहा-आठ जणांना घेऊन जाणारा जो राफ्ट आपल्याकडे परिचित आहे, तो उचलायलाच चार माणसे लागतात. पॅकराफ्ट एका माणसाची असते, वजन साधारण अडीच ते चार किलो, आणि गुंडाळल्यावर ती झोपायच्या पिशवीएवढी होते. कल्पना मात्र जुनी आहे. १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलातील लेफ्टनंट पीटर हॅल्केट यांनी रबर चढवलेल्या कापडाचा एक झगा तयार केला. तो अंगावर घालता येई आणि भात्याने हवा भरली की त्याचीच नाव होई. हातातल्या काठीला पाते जोडले की वल्हे आणि छत्री उघडली की शीड. नौदलाने ती स्वीकारली नाही, पण उत्तर ध्रुवाकडील प्रदेश धुंडाळणारे जॉन रे यांना हॅल्केटची नाव फार उपयोगी पडली. ऑर्कनी बेटांवरील स्ट्रोमनेसच्या संग्रहालयात अशी एक नाव आजही पाहायला मिळते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी एकट्याने बसायच्या रबरी नावा निघाल्या. तशाच लष्करी नावा घेऊन १९५२ साली डिक ग्रिफिथ आणि त्यांच्या पत्नी इसाबेल मेक्सिकोतील कॉपर कॅन्यनमधून उरिके नदीने उतरले. तीस वर्षांनी अलास्कातील पहिल्या माउंटन विल्डरनेस क्लासिक शर्यतीत, इतर स्पर्धक बर्फाळ नदी पोहून ओलांडायच्या तयारीत असताना, पन्नाशी ओलांडलेल्या ग्रिफिथ यांनी पाठीवरच्या सॅकमधून छोटी नाव काढली. त्यानंतर तिथल्या डोंगरभटक्यांना नावेशिवाय बाहेर पडणे वेडेपणाचे वाटू लागले. अलास्कातच २००० च्या सुमारास शेरी टिंगी यांनी, ब्रूक्स पर्वतराजीतून पायी आणि पाण्याने फिरून आलेल्या आपल्या मुलासाठी, अधिक टिकाऊ नाव शिवायला घेतली. त्यातूनच अल्पाका राफ्ट ही कंपनी उभी राहिली.

सायकल आणि नाव यांची गाठ घालण्याचे श्रेयही अलास्काला जाते. १९९६ मध्ये रोमन डायल, कार्ल टोबिन आणि पॉल ॲडकिन्स यांनी अलास्का पर्वतरांग लांबीच्या दिशेने सायकलवरून पार केली. अंतर सुमारे १२५० किलोमीटर, बहुतेक ठिकाणी रस्ता नाही, आणि नद्या आडव्या आल्या की सायकली नावेवर. हे पराक्रम जाणत्यांचे होते. गाईडसह एका रात्रीची सहल हे त्याच विद्येचे सौम्य रूप, आणि ते कसे चालते हे पाहायला अमेरिकेतील कोलोरॅडो आणि यूटा राज्यांच्या सीमेवरचा नदीचा एक टप्पा फार चांगला आहे.

ग्रँड जंक्शन हे शहर कोलोरॅडो नदीला गनिसन नदी मिळते तिथे वसले आहे. कोलोरॅडोच्या या वरच्या भागाला १९२१ पर्यंत ग्रँड नदी म्हणत. शहराच्या नावात ते नाव उरले आहे. शहराच्या खालच्या बाजूला लोमा येथे नावा पाण्यात सोडायचा उतार आहे. तिथून यूटातील वेस्टवॉटरपर्यंत नदी सुमारे ४० किलोमीटर वाहते, आधी हॉर्सथीफ कॅन्यनमधून आणि मग रुबी कॅन्यनमधून. दोन्ही बाजूंना लाल वालुकाश्माचे कडे, मध्ये मंद वाहणारे मातकट पाणी. याच लोमापासून कोकोपेली ट्रेल ही सायकलवाट सुरू होते. १९८९ साली आखलेली ही वाट २२८ किलोमीटर दूर मोआबपर्यंत जाते आणि वाटेत वेस्टवॉटरजवळ नदीला येऊन भिडते. म्हणजे लोमाहून पाण्याने खाली जावे, रात्री दरीत राहावे आणि दुसऱ्या दिवशी चाकांवर लोमाकडे परतावे, असा फेरा निसर्गतःच जुळून येतो.

पहिली सकाळ काठावरच्या उथळ पाण्यात शिकण्यात जाते, आणि ती घाईने उरकणारा गाईड चांगला नव्हे. नाव फुगवायला पंप लागत नाही. नायलॉनच्या मोठ्या पिशवीचे तोंड उघडून हवा पकडायची, तोंड पिळून बंद करायचे आणि पिशवी छातीशी दाबत हवा नावेत ढकलायची. दहा-पंधरा पिशव्यांत नाव आकार घेते आणि शेवटचा कडकपणा फुंकून आणतात. उन्हात टणक झालेली ही नाव गार पाण्यावर ठेवली की थोड्याच वेळात सैल पडते. नवख्याला वाटते, फुटली. खरे तर आतली हवा थंड होऊन आकसलेली असते आणि पुन्हा फुंकावे लागते. उलट, जेवायला थांबल्यावर नाव तापलेल्या वाळूवर पडून राहिली तर हवा फुगून शिवणींवर ताण येतो, म्हणून तेव्हा थोडी सोडून द्यायची.

मग सगळ्यांना मुद्दाम पाण्यात पडायला लावतात. उलटी नाव सरळ करणे, पाय मारत अंग आडवे पाण्याच्या पातळीवर आणणे आणि पोटावर सरकत नावेत चढणे, हे प्रत्येकाला जमले पाहिजे. नदीत वाहून जाऊ लागल्यास उताणे व्हायचे, पाय पुढे आणि पृष्ठभागाशी. वेगाच्या पाण्यात उभे राहायला जायचे नाही, कारण दगडांच्या फटीत पाऊल अडकले तर प्रवाह माणसाला वाकवून पाण्याखाली दाबतो. काठावरून पडलेली झाडे दगडांपेक्षा धोक्याची, कारण त्यांच्या फांद्यांतून पाणी निघून जाते आणि माणूस अडकून राहतो. लाइफ जॅकेट पाण्यावर असेपर्यंत अंगातून काढायचे नाही.

सायकल बांधण्याचे काम पाहण्यासारखे असते. दोन्ही चाके काढतात. पेडलही काढतात, आणि इथे हमखास गोंधळ होतो, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती सरकवून ठेवतात. चाक नसताना ब्रेकचा दांडा चुकून दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि दुसऱ्या दिवशी चाक आत जात नाही. नावेच्या नाकावर आधी एक चाक आडवे ठेवायचे, त्यावर सायकलचा सांगाडा गिअरची बाजू वर करून, वर दुसरे चाक, आणि चार कडक रबरी पट्ट्यांनी सगळे नावेच्या कड्यांना आवळायचे. चेनच्या दातेरी चकतीवर जुने कापड गुंडाळतात, नाहीतर तीच नावेला भोक पाडते. पट्ट्यांची लोंबणारी टोके खोचून टाकणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग मानायला हवा. नाव उलटलीच तर लोंबत्या पट्ट्यात हात किंवा पाय अडकणे, हा इथला सर्वांत वाईट प्रसंग.

उरलेले सामान कुठे जाते? अनेक आधुनिक पॅकराफ्टना मागच्या बाजूला हवाबंद झिप असते. नाव फुगवण्याआधी तंबू, कपडे आणि झोपायची पिशवी नावेच्या पोटातच, डाव्या-उजव्या नळीत सारख्या वजनाने ठेवायची. वजन खाली राहते आणि नाव डळमळत नाही. पण त्या झिपमध्ये वाळूचा कण गेला तर हवा सुटते, म्हणून ती उघडण्याआधी आणि लावण्याआधी पाण्याने धुवावी लागते.

नदी इथे सौम्य आहे. खळाळांच्या एक ते सहा या जागतिक श्रेणीत बहुतेक पाणी पहिल्या श्रेणीचे आणि क्वचित दुसऱ्या. नाकावर दहा-बारा किलोची सायकल असलेली नाव उशिरा वळते आणि लाटेवर चढण्याऐवजी तिच्यात घुसते. त्यामुळे नवख्यांना याहून अवघड पाण्यात सायकलसह नेऊच नये. दुपारनंतर दरीत बहुधा प्रवाहाच्या विरुद्ध वारा सुटतो, तेव्हा हलकी नाव जागच्या जागी थबकते, म्हणून लवकर निघणे बरे. एका ठिकाणी मात्र सावध राहावे लागते. ब्लॅक रॉक्स येथे लाल कडे बाजूला होतात आणि नदी काळ्या, पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या खडकांमधून जाते. हे खडक सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्यावर लगेच टेकलेले लाल थर साधारण २२ कोटी वर्षांचे. मधल्या जवळपास दीडशे कोटी वर्षांचा एकही थर इथे उरलेला नाही. खडकांमुळे पाणी इथे मुरडते, भोवरे उठतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, वरच्या डोंगरातले बर्फ वितळून नदी भरलेली असताना, ते नावा गरगर फिरवतात. नवख्यांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर हेच दिवस चांगले: पाणी उतरलेले असते आणि ऊन सोसवते.

मुक्काम हवा तिथे करता येत नाही. ही जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय विभागाच्या ताब्यात आहे. रात्रीसाठी परवाना लागतो, जागा नेमून दिलेली असते आणि गाईड संस्थेला व्यवसायाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. नियम कडक आहेत आणि ते तसे असणे योग्यच आहे, कारण वाळूच्या सपाट पुळणी थोड्या आणि माणसे पुष्कळ. विस्तव पेटवायचा तर धातूच्या परातीत, आणि राखसुद्धा परत न्यायची. शौचासाठी खास पिशव्या किंवा डबा. त्यातले सगळे सोबत परत जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सायकलवरही. लघवी मात्र नदीत करायची, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला नवल वाटेल. या वाळवंटात ती धुवून न्यायला पुरेसा पाऊस येत नाही, आणि पुळणीला महिनोन्‌महिने वास राहतो. नदीचे पाणी प्यायचे तर आधी बादलीत रात्रभर निवळू द्यावे लागते. गाळामुळे गाळणी लगेच तुंबते.

रुबी कॅन्यनमध्ये रस्ता नाही, पण रेल्वे आहे. शिकागोहून कॅलिफोर्नियाकडे जाणारी झेफिर गाडी नदीच्या काठानेच जाते, आणि रुळांजवळच्या कड्यावर दोन राज्यांची सीमा रंगवून दाखवली आहे. ती दिसली की वेस्टवॉटर जवळ आले. तिथे नाव काठाला लावलीच पाहिजे. त्याच्या खाली वेस्टवॉटर कॅन्यनचे पाणी तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे आहे आणि त्याला वेगळा परवाना लागतो.

आता उलटी बांधाबांध. नाव हँडलवर गुंडाळून, चार तुकड्यांचे वल्हे सांगाड्याच्या पिशवीत, लाइफ जॅकेट मागे. सायकलच्या चेनमधली वाळू धुऊन तेल घालायचे. वेस्टवॉटरपासून लोमापर्यंतची वाट पन्नास किलोमीटरहून जास्त आहे आणि वाटेत पाणी नाही, म्हणून प्रत्येकाला पाच-सहा लिटर उचलावे लागते. जे वजन कालपर्यंत नदी वाहत होती ते आज पायांवर येते. कड्याच्या कडेने जाणारा वेस्टर्न रिमचा भाग या साऱ्या श्रमांची भरपाई करतो: काल ज्या पाण्यातून आलो ते खाली दिसत राहते. पुढे सॉल्ट क्रीकच्या आसपास चढ इतका खडा आणि दगडी आहे की सायकल ढकलावीच लागते. थकलेल्या गटाला तिथे न नेता गाईडने मातीच्या सपाट रस्त्याने काढावे, किंवा रॅबिट व्हॅलीत गाडी बोलावून फेरा तिथेच संपवावा. आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर तेही जमत नाही. आपल्याकडच्या ओल्या काळ्या रानातून सायकल नेणाऱ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल: माती टायरला लिंपली जाते आणि चाक फिरणेच थांबते. पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती दोन्हीकडे आहे. वाटेच्या बाहेर मात्र चाक घालायचे नाही. तिथल्या वाळूवर दिसणारा काळपट, खडबडीत पापुद्रा सूक्ष्मजीव, शेवाळे आणि दगडफूल यांचा बनलेला असतो. तोच माती धरून ठेवतो आणि एकदा चिरडला की पुन्हा धरायला वर्षानुवर्षे जातात.

सहल संपल्यावर नाव गुंडाळून कपाटात टाकता येत नाही. ती आतून-बाहेरून धुवून, पूर्ण फुगवून, सावलीत वाळवतात आणि झिपला वंगण लावतात. ओली ठेवली तर बुरशी येते, पण आता त्याहून मोठे कारण आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात ग्रँड जंक्शनजवळ कोलोरॅडोच्या पाण्यात झेब्रा शिंपल्यांच्या सूक्ष्म अळ्या सापडल्या. हे परदेशी शिंपले एकदा रुजले की कालव्यांचे आणि पाणीपुरवठ्याचे नळ तुंबवतात, आणि एका नदीतून दुसरीत त्यांना नेणाऱ्या वस्तूंत ओल्या नावा आणि ओले बूट येतात. म्हणून पुढच्या नदीवर जाण्याआधी नाव, वल्हे, बूट आणि सायकलच्या पिशव्या धुवायच्या, त्यांतले पाणी निथळायचे आणि सगळे कोरडे ठणठणीत करायचे.