विश्लेषण : मामाच्या गावची सुट्टी कशामुळे आखडली?

एप्रिल संपता संपता सोलापूर-तुळजापूर मार्गावरच्या एसटीत खिडकीसाठी भांडणारी पोरे दिसू लागतात. तामलवाडी हे याच मार्गावरचे, धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यातले गाव. वाहनचालकांना ते टोलनाक्यामुळे माहीत असते. ज्यांच्या आईचे माहेर इथले, त्यांच्यासाठी मात्र हे मामाचे गाव. महिना-दीड महिन्याचा हा मुक्काम आता अनेक घरांत आठवड्यावर आला आहे. दोष मोबाइलला देऊन विषय संपवणे सोपे आहे, पण कारणे त्याहून जुनी आहेत.

सुट्टी खरेच कमी झाली का?

कॅलेंडरवर फारशी नाही. 2025 मध्ये राज्य मंडळाच्या शाळांना 2 मेपासून सुट्टी लागली आणि विदर्भ वगळता 16 जूनला शाळा उघडल्या. म्हणजे 45 दिवस. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस शाळा भरणे बंधनकारक आहे. त्यामुळे कागदावर सुट्टीला जागा आहेच.

फरक पडला तो दोन टोकांना. पूर्वी बऱ्याच शाळांत एप्रिलच्या मध्याला परीक्षा उरकायच्या आणि निकालापर्यंतचे दिवस सुट्टीसारखेच जायचे. 2025 मध्ये पहिली ते नववीची परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत चालली. दुसऱ्या टोकाला क्लास आहेत. नववी-दहावीच्या मुलांचे जादा तास मे महिन्यातच सुरू होतात.

शिवाय सगळ्या भावंडांची सुट्टी एकत्र जुळत नाही. धाराशिव जिल्हा कर्नाटकाला लागून आहे आणि इथल्या सोयरिकी कलबुर्गी, बिदरपर्यंत आहेत. तिकडे सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते आणि मेअखेरीस शाळा उघडतात. 2025 मध्ये कर्नाटकातील शाळा 29 मेला सुरू झाल्या. तामलवाडीला आलेल्या सोलापूरच्या भाच्याला कलबुर्गीचा मावसभाऊ भेटू शकत होता तो फक्त 2 ते 28 मे या 27 दिवसांत. दोन्ही घरची लग्ने, आजारपणे आणि वडिलांची रजा त्यातून वजा केली की चार-पाच दिवस उरतात.

खेळायला भावंडेच उरली नाहीत का?

सगळ्यात मोठे कारण हेच, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 1992-93 मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी 2.9 मुले होत असत. 2019-21 च्या पाचव्या सर्वेक्षणात हा आकडा 1.7 वर आला. घरातली मुले तिनावरून दोनवर आली, एवढाच याचा अर्थ वाटतो. मामे, मावस, आते आणि चुलत भावंडांची संख्या मात्र याहून कितीतरी वेगाने घटते.

हिशेब साधा आहे. आई आणि वडील दोघेही पाच-पाच भावंडांतले असतील, तर मुलाला एकूण आठ मामा, मावश्या, आत्या आणि काका. प्रत्येकाला तीन मुले धरली की भावंडे 24. आई-वडील तीन-तीन भावंडांतले आणि प्रत्येक घरात दोन मुले असतील, तर भावंडे आठ. पुढच्या पिढीत आई-वडील दोघेही दोन-दोन भावंडांतले आणि घरटी दोनच मुले असे धरले, तर उरतात चार. आई-वडील दोघेही एकुलते असतील तर शून्य. मामाही नाही आणि मामाचे गावही नाही.

चोवीस हा आकडा खेळाच्या दृष्टीने पाहायला हवा. लगोरीला दोन संघ लागतात, आट्यापाट्यांना तर जास्तच गडी लागतात. पूर्वी एकाच वाड्यात दोन्ही संघ तयार व्हायचे आणि वर लिंबूटिंबूही उरायचे. चार भावंडांत, त्यातही एक चार वर्षांचे आणि एक पंधराचे, असा खेळ जमतच नाही. मग कॅरम उरतो, नाही तर एक मोबाइल आणि त्यावर वाकलेली चार डोकी. शेजारच्या मुलांत मिसळणे हा त्यावरचा उपाय. पाहुण्या मुलाला त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात परतीची गाडी आलेली असते.

मामा तरी गावात आहे का?

अनेक घरांतला मामा आता पुण्यात किंवा चाकणला कामाला आहे. त्यामुळे सुट्टीची दिशाच उलटी झाली. गावातली मुले मामाच्या दोन खोल्यांच्या घरी जातात आणि गावात आजी-आजोबा राहतात. आगगाडीतून मामाच्या गावाला नेणारे ग. दि. माडगूळकरांचे बालगीत सगळ्यांना पाठ आहे. तामलवाडीच्या भाच्याला मात्र अजून एसटीच गाठावी लागते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या 84 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचे भूमिपूजन जानेवारी 2019 मध्ये झाले.

एसटीचा हिशेब मात्र लेकीच्या बाजूने आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा वयाला अर्धे. आई आणि दहा-अकरा वर्षांची दोन मुले माहेरी निघाली, तर तिघांचे मिळून भाडे दीड तिकिटाचे होते. म्हणजे प्रवास स्वस्त झाला तरी मुक्काम काही वाढला नाही.

खेळायला वेळ किती मिळतो?

पाच ते 17 वयोगटातील मुलांनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गावाला गेलेले मूल एवढे सहज पळते, असे आपण गृहीत धरतो. पण मे महिन्यात या पट्ट्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि दुपारी 12 ते 3 उन्हात जाऊ नये, ही आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेची नेहमीची सूचना. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचपासून सातच्या सूर्यास्तापर्यंत, एवढीच खेळाची वेळ. शहरातले मूल सकाळी नऊला उठले की त्यातली अर्धी संपलेली असते. ओसरी, चिंचेची सावली, सागरगोटे, चिंचोके आणि पत्ते ही दुपारची जुनी सोय होती. रस्त्याकडेला झाड राहिले नाही आणि घरावर पत्रे आले, की दुपार आपोआप टीव्हीकडे वळते. महामार्गालगतच्या गावात आणखी एक अडचण असते. पलीकडच्या शिवारात जायचे तर चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो, आणि तिथे मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय मुलांना सोडता येत नाही.

शेततळ्याची भीती किती खरी?

पूर्णपणे खरी. पूर्वी पोहायला विहिरीतच शिकायचे, कमरेला वाळका भोपळा किंवा प्लास्टिकचा कॅन बांधून. विहिरीला पायऱ्या असायच्या, निदान धरायला दगडाच्या कपारी तरी. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर मराठवाड्यात शेततळी वाढली आणि पाणी टिकावे म्हणून अनेकांत प्लास्टिकचे अस्तर आले. खोली साधारण तीन मीटर, उतरत्या भिंती आणि त्यावर शेवाळ धरलेला प्लास्टिकचा कागद. कडेला पाय घसरलेले मूल आत जाते, आणि पोहता येत असले तरी वर चढू शकत नाही, कारण धरायला काहीच नसते. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच अडकतो. गावच्या मुलाला ही जागा माहीत असते, पाहुण्या मुलाला नसते.

यावरचा उपाय काही शेकड्यांत होतो. काठावरच्या खुंटीला पक्का बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर चारही बाजूंनी हवा, हवा भरलेली जुनी ट्यूब हवी आणि कुंपणाला कडी. कुणी पडलेच तर मागे उडी न मारता दोर, बांबू किंवा साडी फेकायची, हे मुलांना पहिल्याच दिवशी तळ्यावर नेऊन दाखवायला हवे.

सुट्टीचा भार कोणावर पडतो?

मामीवर. आठ जणांच्या चहा-भाकरीपासून अंथरुणापर्यंत सगळे तिच्याकडे, आणि पाण्याचा टँकर सुरू असेल तर पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणीही तिनेच धरायचे. मराठवाड्यात दुष्काळी वर्षांत ‘यंदा येऊ नका’ असे निरोप गेलेले आहेत. पाहुणचाराची हौस नव्हती असे नाही, हंडे नव्हते. तिलाही माहेर आहे आणि तिच्या मुलांनाही मामा आहे. नणंद येण्याआधी किंवा गेल्यावर आठ दिवस तिचे कधी जमतात, यावर तिच्या मुलांचे आजोळ अवलंबून असते. मुक्काम आखडण्यामागे हेही एक कारण आहे. ते उघडपणे कुणी बोलत नाही.

यंदा काही वेगळे आहे का?

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ महिना 17 मे ते 15 जून असा आला आहे. अधिकात जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावण्याची रीत आहे, आणि हा महिना जवळपास पूर्ण उन्हाळी सुट्टीत पडला आहे. त्यामुळे लेक, जावई आणि नातवंडे एकत्र येण्याचे निमित्त आयते मिळते. मधले दोन अधिक महिने, 2020 चा आश्विन आणि 2023 चा श्रावण, शाळेच्या दिवसांत गेले. सुट्टीतला याआधीचा अधिक 2018 चा. तेव्हा पहिली पास होऊन आजोळी आलेला नातू यंदा दहावीत गेला आहे, आणि धोंड्याला येणार का हे क्लासच्या वेळापत्रकावर ठरेल.