वजन जास्त आहे, छातीचा भार सोसवत नाही. ऑपरेशन करावे का?

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 45 अंशांजवळ जातो. घामाने सगळेच हैराण होतात. पण ज्या बहिणींच्या छातीचा भार जास्त, त्यांचे हाल वेगळेच. मान आखडते, पाठ दुखते, ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यावर वळ उठतात, स्तनांखालची कातडी ओली राहून लाल होते, खाज सुटते. शाळेत आम्ही पाहतो, काही मुली वाकून चालतात, पीटीच्या तासाला मागे बसतात. घरी सांगायची लाज वाटते. एखादी अम्मीजवळ बोललीच, तर उत्तर ठरलेले : "आधी वजन कमी कर."

हे उत्तर अर्धेच खरे आहे. स्तनात चरबी असते आणि दुधाच्या ग्रंथीही. चरबीचा भाग जास्त असेल तर वजन उतरल्यावर आकार कमी होतो. ग्रंथींचा भाग जास्त असेल तर वजन उतरूनही फारसा फरक पडत नाही. शिवाय दुखते म्हणून चालणे होत नाही, आणि चालणे नाही म्हणून वजन वाढते.

मग सर्जन वजनाचा आग्रह का धरतात? जास्त वजनात जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पायात रक्ताची गाठ होण्याची आणि भूल देताना श्वासाची भीती वाढते. यासाठी बीएमआय पाहतात : किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. 155 सेंटीमीटर उंची आणि 80 किलो वजन असेल तर बीएमआय साधारण 33 येतो. 72 किलोवर तो 30 होतो. अनेक सर्जन 30 ते 35 च्या खाली यायला सांगतात. सर्वांचा आकडा एक नसतो. ऑपरेशननंतर वजन बरेच बदलले तर आकारही बदलतो, म्हणून वजन काही महिने स्थिर असणे बरे. शुगर ताब्यात हवी. मिश्री, गुटखा, तंबाखू, बिडी आधीच बंद हवी, कारण निकोटिनमुळे जखम भरत नाही.

हे ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होते, साधारण दोन ते चार तास चालते. जादा चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात. व्रण कायम राहतात, स्पर्शाची जाणीव कमी होऊ शकते, पुढे बाळाला दूध पाजताना अडचण येऊ शकते. मूल हवे असेल तर हे आधीच विचारून घ्या. नंतर काही आठवडे पाण्याचे हंडे, लहान मूल उचलता येत नाही. सजद्यात ताण पडत असेल तर बसून, इशाऱ्याने नमाजची सवलत आहे.

"अल्लाहने दिलेल्या शरीरात बदल का?" हा प्रश्न घरोघरी येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारावर इलाज करण्यास सांगितले आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 2007 साली मलेशियातील पुत्रजाया येथे प्लास्टिक सर्जरीवर ठराव केला. त्रास किंवा दोष दूर करण्यासाठी शस्त्रक्रिया जायज, नुसत्या हौसेसाठी नाही, असा त्याचा आशय आहे. अंदलुसचे अल-जहरावी यांनी तर हजार वर्षांपूर्वी पुरुषांच्या वाढलेल्या स्तनांवरील शस्त्रक्रिया आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. तरी शंका असेल तर आपल्या आलिमांना त्रास नीट सांगून विचारा. लेडी डॉक्टर मिळाल्यास उत्तम. नसेल तर तपासताना नर्स किंवा घरचे माणूस सोबत ठेवा.

सुरुवात कुठे करावी? धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तिथल्या सर्जरी ओपीडीत दाखवा. गरज पडल्यास ते प्लास्टिक सर्जनकडे पाठवतील. खासगीत गेलात तर डॉक्टरची प्लास्टिक सर्जरीची पदवी पाहा, पूर्ण खर्च लिहून घ्या. शासकीय योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा. तेल, मलम, मालिश यांनी आकार कमी होत नाही. त्यावर पैसे घालवू नका. गाठ लागली, किंवा एकच बाजू अचानक वाढली, तर वजनाची वाट न पाहता लगेच दाखवा. वाढीच्या वयातल्या मुलींचे ऑपरेशन सहसा वाढ थांबेपर्यंत लांबवतात, पण तपासणी लांबवू नये.

तोवर नीट मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा, सुती कपडे, कातडी कोरडी ठेवणे, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर चालणे. मुलगी चालायला निघाली तर अम्मी, खाला, आपा यांनी सोबत जावे. एकटीला "वजन कमी कर" म्हणण्यापेक्षा त्याचा तिला जास्त उपयोग होईल.