घरचा सोडा, दुकानचा सोडा : एका लिटरचा हिशेब

सोडा म्हणजे काय

सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवलेले पाणी. पूर्वी त्यात खाण्याचा सोडा मिसळत, त्यावरून पडलेले नाव आजच्या साध्या सोड्यालाही चिकटले आहे. जोसेफ प्रिस्टलीने १७६७ च्या सुमारास लीड्समधील मद्याच्या कारखान्यात, आंबवणाच्या पिंपावर पाणी धरून ते वायुयुक्त केले. तो वायू फुकटचा होता. सोड्याच्या किमतीत वायूचा वाटा आजही किरकोळच असतो. पैसे पडतात ते दाब टिकवण्याचे आणि वाहतुकीचे. कोयनानगरसारख्या घाटमाथ्याजवळच्या गावात हे विशेष जाणवते.

दाबाचे गणित

पाणी जितके थंड आणि दाब जितका अधिक, तितका वायू जास्त विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला, साध्या हवेच्या दाबाइतका कार्बन डायऑक्साइडचा दाब दिल्यास, लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम वायू मावतो. जिभेला झणका देणाऱ्या सोड्यात सहा ग्रॅम तरी लागतो, म्हणजे दाब चौपट हवा. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात सुमारे ३० मीटर खोलीवर असतो तेवढा हा दाब. या धरणाची उंची १०३ मीटर आहे. त्या भिंतीला तळाशी जे सोसावे लागते, त्याचा लहानसा नमुना प्रत्येक बाटली सोसत असते. पाणी पाच अंशांपर्यंत थंड केले की तेवढ्याच वायूला निम्म्याहून थोडा अधिक दाब पुरतो. म्हणूनच यंत्राला थंड पाणी लावले तर गॅस कमी फुकट जातो, आणि उन्हात ठेवलेली बाटली उघडताच निम्मा सोडा अंगावर येतो.

दुकानातली बाटली

हिशेबासाठी ७५० मिलिलिटरची बाटली २० रुपयांना धरली, तर लिटरला सुमारे २७ रुपये पडतात. त्यात विरघळलेला वायू लिटरला सहा ग्रॅम; गळती धरून आठ. घाऊक भाव किलोला ५० रुपये मानला तरी आठ ग्रॅमचे होतात ४० पैसे. उरलेली रक्कम बाटली, झाकण, भरणी, कर, वितरकाचा व दुकानदाराचा नफा आणि वाहतूक यांची. कराडहून कोयनानगरला येणारा माल साठेक किलोमीटरचा रस्ता चढून येतो. चिपळूण त्याहून जवळ, पण मध्ये कुंभार्ली घाट. या वाटेने जे वाहून आणले जाते, ते वजनाने जवळजवळ सगळे पाणीच. पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात बाहेरून पाणी यावे, यात थोडी गंमत आहे.

गोटी सोड्याचा मार्ग वेगळा होता. हायरम कॉड याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीत गळ्याशी रबरी कडी आणि आत काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून भरतात. सरळ करताना आतला वायूच गोटीला कडीवर दाबून धरतो. बुचाचा खर्च नाही. फोडताना गोटी खाली ढकलली की ती गळ्यातल्या खाचेत अडकते आणि ओतताना तोंडाशी येत नाही. मात्र काच जड, आणि रिकामी बाटली कारखान्यात परत यावीच लागते. त्यामुळे असे कारखाने आपापल्या गावापुरते राहिले. पुण्याच्या कॅम्पातील अर्देशीर यांचा १८८४ पासूनचा व्यवसायही परत येणाऱ्या काचेच्या बाटल्यांवरच उभा राहिला.

घरचे यंत्र

घरगुती यंत्रात सव्वाचारशे ग्रॅम वायूचा लहान सिलिंडर असतो. लिटरला आठ ग्रॅम खर्चले तर ५३ लिटर निघावेत. हात सैल असला की ४५ वर भागते. भरणी ४५० रुपयांना धरली तर लिटरला १० रुपये. दुकानच्या तुलनेत सुमारे १७ रुपये वाचतात. यंत्र ४,००० रुपयांचे असेल, तर ते वसूल व्हायला २४० लिटर सोडा प्यायला हवा. आठवड्याला दोन लिटर पिणाऱ्या घराला त्यासाठी सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल.

पण कोयनानगरात जून ते सप्टेंबर थंड सोडा कोण पितो? ते चार महिने वगळले की वर्षाचा खप ७० लिटरवर येतो आणि वसुली साडेतीन वर्षांच्या आसपास जाते. सिलिंडर शहरात पाठवून भरून आणण्यास दर खेपेस २०० रुपये लागले, तर लिटरचा खर्च १४ रुपयांच्या पुढे जातो आणि मुदत साडेचार वर्षांहून लांबते. पाणी न आणता फक्त वायू आणणे हा यंत्राचा खरा फायदा. सिलिंडरची ने-आण तो बराचसा खाऊन टाकते. कराडच्या कामासोबत सिलिंडर भरून आणणाऱ्या घराचा हिशेब अर्थात निराळा.

आठ ग्रॅमच्या, एकदाच वापरायच्या नळकांड्यांवर चालणारी यंत्रे स्वस्त दिसतात. नळकांडी २५ रुपयांची धरली तर लिटरमागे दोन रुपयेही वाचत नाहीत.

खाण्याचा सोडा आणि लिंबूसत

आठ ग्रॅम वायूसाठी सुमारे १५ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि साडेअकरा ग्रॅम लिंबूसत लागते. सोडा किलोला १०० आणि लिंबूसत ३०० रुपये धरले तर खर्च पाच रुपये. कागदावर हाच सर्वांत स्वस्त उपाय. पण उघड्या पेल्यात दाब नसल्याने बहुतेक वायू फेसाबरोबर निघून जातो आणि मागे सोडियम सायट्रेटची खारट चव उरते. लिटरभर पाण्यात सोडियम भरते चार ग्रॅमहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमच्या आतली आहे. अधूनमधून चिमूटभर ठीक, रोजच्या सोड्याला हा पर्याय नव्हे.

गोड सोडा

२२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या सोड्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के, तर साखर वा स्वाद घातलेल्या वायुयुक्त पेयांवर ४० टक्के आहे. त्यामुळे खरी बचत गोड पेयांत होते. कोकणातून आलेले कोकमाचे आगळ, साखर, जिरेपूड, चवीला मीठ आणि वर थंड सोडा, एवढ्यावर कोकम सोडा तयार होतो. आणि इथे दुकानचा साधा सोडा वापरला तरी तयार पेयापेक्षा बहुधा स्वस्तच पडतो. फक्त सरबत यंत्राच्या बाटलीत आधी घालू नये. साखरेच्या पाण्यात वायू सोडला की फेस झडपेत शिरतो आणि ओटाभर चिकट पाणी होते.

मर्यादा

यंत्राच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. ती उलटल्यावर, किंवा बाटली गरम पाण्याने धुतल्यावर, प्लास्टिक दाबाला भरवशाचे राहत नाही. सिलिंडरमधला वायू खाद्य दर्जाचा हवा. वेल्डिंगच्या दुकानातून भरून घेतलेला स्वस्त पडेल, पण त्यात तेलाचा अंश असू शकतो. सिलिंडरची ठरावीक मुदतीने दाबचाचणीही करावी लागते. कराड–चिपळूण रस्त्यावरच्या टपरीला मोठा सिलिंडर सोयीचा, कारण तिथे दिवसाला वीस-तीस पेले खपतात आणि सुट्टीत धरण पाहायला येणारे वाढतात. चार माणसांच्या घरात तो वर्षभर कोपरा अडवून बसेल.