आधार द्या, बसवून ठेवू नका
ज्येष्ठांचे पडणे टाळण्यासाठी घरच्या माणसांनी शिकण्यासारखे काही

घरातील वडीलधारे माणूस एकदा पडले, की हाड मोडले नसले तरी त्या घरातील बोलणे बदलते. ‘बाबा, तुम्ही उठू नका, काय हवे ते मला सांगा.’ ‘आई, अंगणात कशाला जाता? पूजेची फुले मी आणून देते.’ अशी वाक्ये दिवसातून दहा वेळा कानी पडू लागतात. त्यांमागे माया असते आणि भीतीही असते. परंतु या मायेचा परिणाम मात्र उलटा होतो. जे पाय दिवसभर पलंगावरून खुर्चीपुरतेच चालतात, त्यांच्या मांड्यांतील बळ काही आठवड्यांतच ओसरू लागते, तोल सांभाळण्याची सवय सुटते आणि पुढच्या वेळी पडण्याची शक्यता वाढते. शिवाय ‘आता आपले फिरणे बंद होईल’ या धास्तीने अनेक ज्येष्ठ पुढचे पडणे घरच्यांपासून लपवून ठेवतात.

म्हणून, ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्या वाचकांनी पडणे कसे टाळावे याबरोबरच या माणसाला चालते कसे ठेवावे, याचाही विचार केला पाहिजे. हे दोन्ही एकाच वेळी साधता येते. त्यासाठी घरात थोडे फेरफार आणि हात देण्याची योग्य पद्धत एवढे पुरेसे असते.

पडण्याची कारणे अनेक

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारणतः तिघांतील एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. हे ‘वयामुळे व्हायचेच’ असे मानून आपण गप्प बसतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मात्र वेगळे सांगतो. पंचाहत्तरीपुढील ३३६ व्यक्तींची त्यांनी वर्षभर नोंद ठेवली. झोपेची औषधे, पायांतील दुर्बलता, तोल आणि चाल यांतील दोष, पावलांचे विकार अशी धोक्याची कारणे त्यांनी मोजली. ज्यांच्यात यांपैकी एकही कारण नव्हते, त्यांच्यापैकी केवळ ८ टक्के पडले. ज्यांच्यात चार किंवा अधिक कारणे होती, त्यांच्यापैकी ७८ टक्के पडले.

याचा व्यवहारातील अर्थ दिलासा देणारा आहे. वय कमी करता येत नाही, पण कारणे एकेक करून कमी करता येतात. चष्म्याचा क्रमांक तपासणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर न टाकणे, सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना वर्षातून एकदा दाखवणे आणि ‘यांतील कोणत्या गोळीने झापड किंवा चक्कर येऊ शकते?’ असे स्पष्ट विचारणे, ही त्याची सुरुवात आहे. झोपेच्या, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी तोल जाऊ शकतो. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

नागपूरचे घर, नागपूरचे ऋतू

आपल्या शहरात धोक्याची जागा ऋतूनुसार बदलते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा घराघरांत कूलर दिवसरात्र चालतो. कूलरखाली साठलेले पाणी, तो भरण्यासाठी खोलीतून आडवी नेलेली नळी आणि जमिनीवरून गेलेली वायर, या तिन्ही गोष्टी ज्येष्ठांच्या वाटेतून काढून भिंतीकडेने न्याव्यात. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कूलरच्या घरघरीत शेजारच्या खोलीतील हाक ऐकू येत नाही. उन्हाळ्यात ज्येष्ठांच्या उशाशी बिनतारी घंटीचे बटण किंवा निदान पितळी घंटा ठेवावी.

उन्हाळ्यात घामावाटे शरीरातील पाणी कमी होते, त्यामुळे उभे राहताच रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रात्री उठावे लागू नये म्हणून अनेक ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत. त्यांना सकाळपासून सायंकाळपर्यंत थोडे थोडे पाणी, ताक, पन्हे द्यावे आणि झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत प्रमाण कमी करावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे बंधन घातले असेल, तर त्यांचाच सल्ला पाळावा. मधुमेह असल्यास पन्हे साखरेचे नसावे.

पावसाळ्यात अंगणातील फरशीवर आणि गच्चीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. ते आठवड्याला खराट्याने खरवडून काढावे. दाराशी ओल्या चपलांचा ढीग आणि सरकणारे पायपुसणे असू नये. हिवाळ्यात सांधे आखडतात, लांब शाल पायात अडकते आणि रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते. पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा आणि वीज गेली तर हाताशी विजेरी असावी.

महाल, इतवारीतील जुन्या वाड्यांत उंच उंबरठे आणि अरुंद, उभे जिने आहेत. उंबरठ्याच्या कडेला पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा आणि चौकटीला धरायला दांडा बसवावा. नव्या वस्त्यांतील घरांत उंबरठा नसतो, पण गुळगुळीत फरशी असते. तिथे पायात मोजे घालून चालू नये. मागून पट्टा असलेली, खडबडीत तळव्याची पादत्राणे घरातही वापरावीत.

स्नानगृहाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. शौचकूपाजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्का रोवलेला स्टीलचा दांडा हवा. टॉवेलची दांडी शरीराचे वजन पेलत नाही. पाटावर बसून स्नान करण्याऐवजी रबरी पायांची भक्कम खुर्ची किंवा स्टूल वापरावे. खाली बसण्याच्या शौचकूपावरून उठणे जड जात असल्यास कमोडची खुर्ची घ्यावी. आतली कडी अशी असावी, की ती बाहेरूनही उघडता येईल.

उठण्याच्या क्षणी

चालताना लागणाऱ्या ठेचेची आपण धास्ती घेतो, पण बसलेले माणूस उभे राहते त्या क्षणीही तोल सहज जातो. झोपून उठताना आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटे बसावे, घोटे वर-खाली हलवावेत, मग उभे राहावे आणि आधार धरून मनात दहा अंक मोजूनच पहिले पाऊल टाकावे. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल, तर काही मिनिटे आडवे राहिल्यावर एकदा, आणि उभे राहिल्यानंतर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला, असे मोजावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर डॉक्टरांना कळवावे.

आता हात देण्याविषयी. आपण समोर उभे राहून दोन्ही हात धरून ओढतो, किंवा काखेत हात घालून उचलतो. या दोन्ही पद्धती टाळाव्यात. ओढल्याने ज्येष्ठांच्या खांद्याला इजा होते, विशेषतः अर्धांगवायू झालेल्या बाजूच्या, आणि उचलल्याने आपली कंबर धरते. त्यांना आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नयेत. योग्य क्रम असा:

१. खुर्ची हातांची आणि स्थिर असावी. बसल्यावर पावले जमिनीवर पूर्ण टेकावीत, पण गुडघे कमरेपेक्षा वर जाऊ नयेत.

२. त्यांना खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकू द्यावे. पावले थोडी मागे, गुडघ्यांखाली घ्यायला सांगावीत.

३. आपण समोर उभे न राहता कमकुवत बाजूला, किंचित मागे उभे राहावे. एक हात त्यांच्या कमरेमागे ठेवावा आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यांना टेकायला द्यावा.

४. ‘बाबा, पुढे वाका, नाक पावलांच्या पुढे येऊ द्या, हात खुर्चीवर दाबा आणि तीन म्हटल्यावर उठा,’ असे सांगावे. जोर त्यांनी लावायचा, दिशा आपण द्यायची.

५. उभे राहिल्यावर लगेच चालू लागू नये. चक्कर येत नाही ना, हे विचारावे.

बसतानाही खुर्चीची कड पायांच्या मागच्या बाजूला लागल्याखेरीज खाली टेकू नये. या क्रमाला वीस-तीस सेकंद अधिक लागतात. ते देण्याची आपली तयारी हवी, कारण घाईने उचललेल्या माणसाचे पाय कामाला लागतच नाहीत.

काठी, वॉकर आणि जिना

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची, असा समज सर्वत्र आढळतो. ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. दुखरा पाय आणि काठी एकत्र पुढे टाकली, की त्या पायावरचा भार वाटला जातो. पादत्राणे घालून, हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. टोकाचे रबरी टोपण झिजून गुळगुळीत झाले, की बदलावे. खुर्चीतून उठताना वॉकरला धरून ओढू नये, कारण तो अंगावर उलटतो. आधी खुर्चीवर हात दाबून उभे राहावे, मग वॉकर धरावा.

जिन्यावर एक सूत्र ध्यानात ठेवावे: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. आधार देणाऱ्याने नेहमी खालच्या बाजूला राहावे, म्हणजे चढताना त्यांच्या मागे आणि उतरताना त्यांच्या पुढे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिले, की पायरी अंधूक दिसते. त्यामुळे अशा चष्म्याने उतरताना विशेष सावध राहावे.

पायांना रोजचे काम

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात ज्येष्ठांसाठी घरच्या घरी करण्याचे व्यायाम तयार झाले. पायांचे बळ, तोल आणि चालणे यांवर भर देणाऱ्या या व्यायामांनी पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे अभ्यासांत दिसले. त्यांच्या धर्तीवर डॉक्टरांना विचारून इतके सुरू करता येते: स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, दहा वेळा, खुर्चीतून उठणे-बसणे, पाच वेळांपासून सुरुवात, ओट्याजवळ एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहणे. आपण हाताच्या अंतरावर उभे राहावे, पण तोल जाईपर्यंत धरू नये.

प्रगती पाहण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. खुर्चीतून उठून दहा फूट चालायचे, वळून परत येऊन बसायचे. नेहमीच्या गतीने याला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांची किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. चाचणी घेताना आपण शेजारून चालावे.

तरीही पडले तर

ताबडतोब उचलू नये. आधी शेजारी बसावे, धीर द्यावा आणि पाहावे. डोक्याला मार लागला आहे का? एक पाय आखूड दिसतो आणि बाहेरच्या बाजूला वळला आहे का? जांघेत किंवा पाठीत तीव्र वेदना आहे का? शुद्ध हरपली होती का, बोलण्यात फरक पडला आहे का? यांपैकी काहीही असल्यास हलवू नये, पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मालिश करून घेणे किंवा हाड बसवणाऱ्याकडे नेणे टाळावे. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत होते, तितके रुग्ण लवकर उठून बसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी रुग्णालयात न्यावे. पुढील काही आठवड्यांत सुस्ती, गोंधळ किंवा डोकेदुखी वाढली, तरीही त्वरित दाखवावे.

इजा नसेल, तर त्यांचे त्यांनाच उठू द्यावे. कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन, हात व गुडघ्यांवर यावे. आपण समोर भक्कम खुर्ची ठेवून ती धरून राहावी. बैठकीवर दोन्ही हात टेकून, बळकट पाय पुढे घेऊन त्यांनी उठावे; मागे दुसरी खुर्ची सरकवून बसवावे. आणि पडण्याची नोंद वहीत करावी: वेळ, जागा, आधी काय करत होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना या तीन ओळी फार उपयोगी पडतात.

मदत कोठे मिळेल

मेडिकल, म्हणजे आपले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, येथे भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या दोन्ही शाखा आहेत. आधार देण्याची वर सांगितलेली पद्धत एकदा तज्ज्ञांसमोर करून पाहावी. दारिद्र्यरेषेखालील व अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची अशी साधने विनामूल्य देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ पासून चालू झाली. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या पात्र ज्येष्ठांसाठी अशा साधनांकरिता एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद करण्यात आली. सध्याची स्थिती व अर्जाची माहिती समाजकल्याण कार्यालयात विचारावी. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ हीही ध्यानात ठेवावी. साधन कोठूनही मिळाले, तरी त्याची उंची आपल्या माणसाच्या मनगटाशी जुळवून घ्यावी.

या आठवड्यात तीन कामे करावीत: पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट रात्रीच्या अंधारात स्वतः चालून पाहावी, स्नानगृहात दांडा बसवण्यासाठी कारागीर बोलवावा आणि उठण्याचा क्रम आई-बाबांसह रोज दोन वेळा करावा. आणि पुढच्या वेळी ‘उठू नका’ हे शब्द ओठांवर आले, तर त्यांऐवजी म्हणावे, ‘थांबा, मी शेजारी येतो, मग उठा.’