एक प्रशिक्षक आणि विदर्भाचा अनुशेष

सिंचन, रस्ते आणि नोकऱ्या यांच्या संदर्भात 'अनुशेष' हा शब्द विदर्भात इतका वापरला गेला आहे, की क्रिकेटच्या मैदानावरही तो साठत आला होता, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९५७-५८ साली रणजी करंडक स्पर्धेत उतरलेल्या विदर्भाला अजिंक्यपदासाठी साठ वर्षे वाट पाहावी लागली. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून नमविले. या यशाचे एक प्रमुख शिल्पकार होते प्रशिक्षक चंद्रकांत पंडित.

मुंबईत रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेले पंडित हे यष्टिरक्षक आणि फलंदाज. १९८६ साली लीड्स येथे त्यांनी कसोटीपदार्पण केले. परंतु यष्टीमागील जागा त्या काळात प्रामुख्याने किरण मोरे यांच्याकडे असल्याने पंडितांच्या वाट्याला अवघे पाच कसोटी सामने आले. पुढे ते मध्य प्रदेशाचे कर्णधार झाले. १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात बंगळूर येथे पहिल्या डावात आघाडी घेऊनही त्यांचा संघ कर्नाटकाकडून पराभूत झाला. जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर, प्रशिक्षक या नात्याने, त्यांनी त्याच मध्य प्रदेशाला मुंबईविरुद्ध विजयी केले. हातातोंडाशी आलेला घास कसा निसटतो, हे स्वतः अनुभवलेला मनुष्य शिस्तीचा एवढा आग्रह का धरतो, याचे उत्तर बहुधा येथे सापडेल.

मुंबईला तीनदा रणजी करंडक जिंकून देऊन पंडित २०१७ साली विदर्भात आले. त्या वर्षी उपांत्य सामन्यात कर्नाटकावर विदर्भाने अवघ्या पाच धावांनी मात केली. असे सामने पूर्वीचा विदर्भ बहुधा हरत असे. वसीम जाफर आणि गणेश सतीश या बाहेरून आलेल्या खेळाडूंचा या यशात मोठा वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि अंतिम सामन्यात त्रिक्रम साधणारा रजनीश गुरबानी, त्याच सामन्यात पहिले शतक झळकविणारा अक्षय वाडकर आणि पुढील वर्षीच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे ही तर विदर्भाचीच मुले. पंडित गेल्यानंतरही, २०२४-२५ मध्ये, वाडकरच्याच नेतृत्वाखाली विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. शिक्षकाच्या पश्चात टिकते तेच खरे शिक्षण.

गुणांची वाण विदर्भात नव्हती. ते हेरून घडविणारे हात कमी होते. हे हात नागपुरात आले, ही समाधानाची गोष्ट होय. पण वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातील पवनीत वेगाने चेंडू टाकणाऱ्या मुलाचे काय? त्याचा पाय चुकीचा पडतो आहे, हे बाराव्या वर्षीच कोणी सांगावयास हवे. शेतकऱ्याच्या वा विणकराच्या मुलाने त्यासाठी रोज नागपूरची एस.टी. पकडावी, ही अपेक्षा निष्ठुर आहे. स्टेडियमच्या घोषणा पुष्कळ होतात. प्रत्येक तालुक्याला एक पगारी, प्रशिक्षित शिक्षक देण्यास त्या मानाने खर्च अल्प आहे. क्रिकेट संघटना आणि शासनाचे क्रीडाखाते यांनी एवढे केले, तर नागपुरात फिटलेला अनुशेष पवनीतही फिटू लागेल.