शुभ्र पिसांचे छायाचित्र

भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील एखाद्या बांधावर हिवाळ्यात सकाळी अकराच्या सुमारास आपण उभे आहात अशी कल्पना करा. समोर काळसर, संथ पाणी आणि त्यात निश्चल उभा असलेला मोठा बगळा. आपण कॅमेरा डोळ्याला लावता, कळ दाबता. मागाहून पाहता तो काय, पाण्यातील गवताची काडी न् काडी स्पष्ट उमटली आहे. बगळ्याच्या जागी मात्र कागद कातरून चिकटवावा तसा एक पांढराफटक आकार! पिसांची रचना, पंखांची घडी, सारे त्या पांढरेपणात हरवलेले असते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हा आज्ञाधारक, पण अल्पबुद्धी नोकर आहे. त्याला बगळा कळत नाही. समोरचे प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असते, असे तो गृहीत धरून चालतो. चौकटीत काळे पाणी अधिक दिसले की उजेड अपुरा आहे अशी त्याची समजूत होते आणि तो वाजवीपेक्षा जास्त प्रकाश आत घेतो. उलट, तोच बगळा चौकट भरून टाकील इतका जवळ आला, तर उजेड फार झाला असे त्याला वाटते आणि शुभ्र पक्षी मळक्या धोतरासारखा करडा उमटतो. म्हणूनच पांढऱ्या पक्ष्याला ‘प्रकाश कमी द्या’ आणि ‘जास्त द्या’ असे दोन्ही सल्ले आपल्या कानी पडतात. दोन्ही अर्धेच खरे.

वस्तुतः बगळा पाण्यावरून उडाला, बाभळीपुढून गेला, आकाशात चढला, तरी त्याच्यावर पडणारे ऊन तेच राहते. बदलते ती पार्श्वभूमी. तेव्हा स्वयंचलित योजना बंद करून प्रकाशाचे प्रमाण आपल्या हातानेच ठरवावे. जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम येथे उपयोगी पडतो. निरभ्र ऊन असून सूर्य आपल्या पाठीशी असेल, तर छिद्र एफ १६ ठेवावे आणि संवेदनक्षमता ४०० असल्यास झडपेचा वेग १/४०० सेकंद. हे झाले सामान्य वस्तूंसाठी. पांढऱ्या पिसांसाठी एक टप्पा कमी, म्हणजे १/८०० सेकंद. उडत्या पक्ष्यासाठी छिद्र एफ ८ केले, तर हाच हिशेब १/३२०० सेकंदावर येतो. नियमावर भरवसा नसेल, तर त्याच उन्हातील हिरवळीवर मापन करून एक टप्पा कमी करावा. पाणी थोडे अधिक काळे येईल, येऊ द्यावे. डिजिटल चित्रातील अंधार पुढे बराच उजळता येतो; उडून गेलेला पिसांचा तपशील परत आणता येत नाही.

याच पाणथळीवर हिवाळ्यात येणारे सैबेरियन क्रौंच २००२ नंतर तेथे आलेले नाहीत. तेही शुभ्रच; मुख तेवढे तांबडे, आणि पंखांची काळी टोके दिसत ती उडताना. त्यांचे ज्याचे चित्र बिघडले, त्याला तेथे दुसरी संधी मिळाली नाही.

भर दुपारी आणखी एक अडचण असते. सूर्य माथ्यावर आला की पक्ष्याची पाठ तळपते आणि पोट सावलीत बुडते; कोणतेही प्रमाण दोहोंना पुरे पडत नाही. शक्य असेल तर सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासातच बांध गाठावा. मात्र त्या कोवळ्या उन्हाला सोळाचा नियम लागू पडत नाही. तेथे मापन नव्याने करावे, आणि ऊन चढेल तसे पुन्हा पुन्हा.