माल वेळेवर हवा, पण सुखरूप हवा

सुरतेचा माल औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) येण्याचा जुना रस्ता म्हणजे धुळे, चाळीसगाव आणि कन्नडचा औट्रम घाट. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने या घाटात दरडी कोसळल्या आणि वाहतूक ठप्प झाली. पुढे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद झाला आणि ट्रक नांदगावच्या लांबच्या रस्त्याने वळवले गेले. अशा वेळी छोट्या टेम्पोत जादा गाठी कोंबून घाटातून माल आणण्याचा मोह होतो. धोका इथूनच सुरू होतो.

गाठी उंच रचल्या की वळणावर टेम्पो कलतो. मागे वजन जास्त झाले की पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. ताडपत्री फाटकी असेल तर कापड पाणी पिते आणि वजन आणखी वाढते. खानदेशात माल पाठवताना हाच घाट उतरावा लागतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणे म्हणजे सारा भार ब्रेकवर टाकणे. ब्रेक तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिसळून निसरडा थर तयार होतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. चाक डांबराखाली काळ्या मातीत उतरले, तर स्टिअरिंग झटक्याने ओढू नये. आधी वेग कमी करावा, मग गाडी हळूच वर घ्यावी.

रस्ता चांगला म्हणून धोका टळला, असेही नाही. समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ जांबरगाव येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्यरात्रीनंतर टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळून १२ जणांचा जीव गेला. सरळ, एकसुरी रस्त्यावर ड्रायव्हरला डुलकी लागते. हवा कमी असलेले किंवा झिजलेले टायर लांबच्या वेगवान प्रवासात तापून फुटतात. हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी.

व्यापारी बांधवांनो, स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात असते, पण घाई आपली असते. ईद किंवा लग्नसराई जवळ आली की आपण दर तासाला फोन करतो, उशीर झाला तर भाडे कापतो. मग ड्रायव्हर झोप सोडतो आणि वेग वाढवतो. म्हणून पावसाळ्यात ऑर्डर दोन दिवस आधी द्यावी, गाडीच्या पासिंगइतकाच माल भरावा आणि रस्त्यामुळे झालेल्या उशिराचे भाडे कापू नये. एक दिवसाची विक्री बुडाली तर पुढच्या आठवड्यात भरून निघते. ड्रायव्हरच्या घरचे नुकसान आम्ही कोणत्या खात्यातून भरणार?